तीन वर्षांच्या सबबी : १९८९ चा तो फलक आणि एका मॅनेजरचा हिशेब

१/
९ डिसेंबर १९८९, शनिवार. मँचेस्टर युनायटेड आपल्याच ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर क्रिस्टल पॅलेसकडून १-२ असा हरत होता. अशा वेळी प्रेक्षकांमध्ये एक चादर उलगडली गेली. तिच्यावर रंगाने लिहिलेल्या मजकुराचा आशय असा होता : तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ अजूनही भिकारच आहे, फर्गी, आता रामराम!

२/
हा 'फर्गी' म्हणजे ॲलेक्स फर्ग्युसन. याच माणसाने पुढे युनायटेडला १३ लीग विजेतेपदे मिळवून दिली. त्यामुळे ती चादर आज विनोदाचा विषय झाली आहे. "पाहा, लोक किती उतावीळ होते" असे म्हणून तिचे छायाचित्र दाखवले जाते. पण त्या दिवशी, हाती असलेल्या माहितीच्या आधारे, तो चाहता खरोखर चुकत होता का? हा धागा त्या प्रश्नाचा शोध घेतो.

३/
आधी एक खुलासा. इंग्लिश फुटबॉलमध्ये त्या काळी मॅनेजर म्हणजे केवळ प्रशिक्षक नव्हे. संघ निवडणे, डावपेच ठरवणे, खेळाडू विकत घेणे व विकणे, शाळकरी मुलांवर नजर ठेवणारी माणसे नेमणे, शिस्त लावणे हे सारे त्याच्याकडे असे. वरती संचालक मंडळ आणि अध्यक्ष. संघ हरला की बोट एकाच माणसाकडे वळे, आणि सत्ता त्याच्याच हाती असल्याने ते फारसे अन्यायाचेही नव्हते.

४/
युनायटेडच्या मॅनेजरच्या खुर्चीवर एक मोठी सावली होती. मॅट बस्बी १९४५ साली आले. त्यांनी तरुण खेळाडूंचा संघ घडवला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथील विमान अपघातात त्यांतले आठ खेळाडू गेले. बस्बी स्वतः मरणाच्या दारातून परतले, त्यांनी नवा संघ उभारला, १९६७ मध्ये लीग जिंकली आणि १९६८ मध्ये युरोपियन कप. अशा माणसानंतर येणाऱ्याची तुलना कोणाशी होणार, हे उघडच होते.

५/
बस्बींनी १९६९ मध्ये पद सोडले. मग सुरू झाली उत्तराधिकाऱ्यांची रांग. विल्फ मॅक्गिनेस डिसेंबर १९७० पर्यंत टिकले. फ्रँक ओ'फॅरेल १९७१ मध्ये आले. पहिल्याच हंगामात त्यांचा संघ डिसेंबरपर्यंत गुणतक्त्यात अव्वल होता, पण अखेरीस आठवा आला. पुढच्या डिसेंबरमध्ये युनायटेडने एक सामना ०-५ असा गमावला आणि ओ'फॅरेल यांची हकालपट्टी झाली. तो सामना कोणाविरुद्ध होता? क्रिस्टल पॅलेसविरुद्ध.

६/
टॉमी डॉकर्टी यांच्या काळात संघ १९७४ मध्ये चक्क दुसऱ्या श्रेणीत घसरला. तरीही क्लबने त्यांना ठेवले. ते वर्षभरात संघ वर घेऊन आले आणि १९७७ मध्ये एफए चषक जिंकला. त्यांच्यानंतरच्या डेव्ह सेक्स्टन यांनी १९८०-८१ च्या हंगामातील शेवटचे सातही सामने जिंकले आणि त्यानंतर त्यांना काढण्यात आले. कोणाला वेळ द्यायचा आणि कोणाला नाही, याचा ठरावीक नियम युनायटेडकडे कधीच नव्हता.

७/
१९८१ मध्ये रॉन ॲटकिन्सन आले. त्यांच्या पाच पूर्ण हंगामांत संघ तिसरा, तिसरा, चौथा, चौथा आणि चौथा आला. १९८३ आणि १९८५ असे दोन एफए चषकही मिळाले. १९८५-८६ च्या हंगामात पहिले दहाच्या दहा लीग सामने जिंकूनही विजेतेपद निसटले. पुढच्या हंगामाची सुरुवात भयानक झाली आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये त्यांना निरोप मिळाला. हे आकडे ध्यानात ठेवावेत. पुढच्या वादात त्यांचे वजन मोठे आहे.

८/
त्यांच्या जागी स्कॉटलंडमधून फर्ग्युसन आले. ग्लासगोच्या गोव्हन भागातल्या या माणसाला १९७८ मध्ये सेंट मिरेन क्लबने बडतर्फ केले होते. मग ॲबरडीनमध्ये त्यांनी १९८०, १९८४ आणि १९८५ साली स्कॉटिश लीग जिंकली. सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन क्लबांची मक्तेदारी मोडून! १९८३ मध्ये युरोपियन कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने रेआल माद्रिदला २-१ ने हरवले. म्हणजे आलेला माणूस नवखा नव्हता. पण इंग्लंडमध्ये तो नवाच होता.

९/
फर्ग्युसन ६ नोव्हेंबर १९८६ रोजी रुजू झाले, तेव्हा युनायटेड २२ संघांत २१ वा होता. दोनच दिवसांनी ऑक्सफर्डकडून ०-२ असा पराभव झाला. पुढचा हिशेब असा :

१९८६-८७ : ११ वे स्थान
१९८७-८८ : २ रे स्थान
१९८८-८९ : ११ वे स्थान

दुसऱ्या हंगामातली झेप खरी होती. ४० पैकी केवळ ५ सामने गमावले. पण लिव्हरपूल ९ गुणांनी पुढे राहिला, आणि पुढच्याच वर्षी संघ पुन्हा मधल्या गर्दीत जाऊन बसला.

१०/
यावर वाद कुठे झडत? सामन्यानंतरच्या दारूच्या गुत्त्यांत, परगावच्या सामन्यांना जाणाऱ्या गाड्यांत, वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहारात. आणि एका नव्या जागीही. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडभर चाहते स्वतःच्या छोट्या पत्रिका छापून मैदानाबाहेर विकू लागले होते. युनायटेडच्या चाहत्यांची 'रेड न्यूज' १९८७ मध्ये, तर 'युनायटेड वी स्टँड' १९८९ मध्ये सुरू झाली. क्लबच्या अधिकृत सामनापत्रिकेत जे कधी छापले जाणार नाही, ते सामान्य पाठीराखा येथे लिहू शकत होता.

११/
विरोधकांचा पहिला मुद्दा साधा होता. ॲटकिन्सन कधी चौथ्याच्या खाली गेले नाहीत आणि दोन चषक देऊनही त्यांना घालवले. फर्ग्युसन तीन हंगामांत दोनदा अकरावे आले, चषक एकही नाही. मोजपट्टी एकच असेल, तर दोघांना न्याय वेगळा का? या प्रश्नाला नुसत्या भावनेने उत्तर देता येत नव्हते. आकडे विरोधकांच्या बाजूने होते.

१२/
दुसरा मुद्दा खेळाडूंच्या विक्रीचा. मार्च १९८९ मध्ये फर्ग्युसन यांनी गॉर्डन स्ट्रॅकनला लीड्सला दिले. त्याच उन्हाळ्यात पॉल मॅकग्रा ॲस्टन व्हिलाला आणि नॉर्मन व्हाइटसाइड एव्हर्टनला गेला. शेवटचे दोघे गॅलरीतील पब्लिकचे लाडके. १९८५ चा एफए चषक व्हाइटसाइडच्याच गोलने आला होता. मद्यपानाची सवय आणि वारंवारच्या दुखापती हे कारण फर्ग्युसन यांच्या लेखी पुरेसे होते. चाहत्यांना मात्र आपली माणसे जाताना दिसत होती.

१३/
येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. या विक्रीबाबत टीकाकार सर्वस्वी चूक ठरले नाहीत. मॅकग्राचे गुडघे निकामी मानले जात होते, तरी तो व्हिलाकडून अनेक वर्षे खेळला आणि १९९३ मध्ये सहखेळाडूंच्या मतदानाने इंग्लंडमधला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्ट्रॅकनच्या लीड्सने १९९२ मध्ये लीग जिंकली. दुसऱ्या क्रमांकावर होता मँचेस्टर युनायटेड!

१४/
आता समर्थकांची बाजू. त्यांचे म्हणणे असे की इमारत पायापासून बांधली जात आहे. फर्ग्युसन यांनी शाळकरी खेळाडू हेरणाऱ्यांचे जाळे वाढवले होते. युवा संघाचे प्रशिक्षक एरिक हॅरिसन हे ॲटकिन्सन यांच्या काळापासून क्लबमध्ये होते. त्यांच्या हाताखाली आता अधिक मुले येऊ लागली. मँचेस्टर सिटीकडे सराव करणाऱ्या एका मुलाच्या चौदाव्या वाढदिवशी, नोव्हेंबर १९८७ मध्ये, फर्ग्युसन स्वतः त्याच्या घरी गेले. तो मुलगा म्हणजे रायन गिग्ज.

१५/
पण या युक्तिवादात एक अडचण होती. चौदा वर्षांच्या मुलाचा गुणतक्त्यात उपयोग नसतो. पाया भरला जातोय, हे वाक्य प्रत्येक अपयशी मॅनेजरही म्हणत असतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला खरा पाया आणि नुसता खड्डा यांतला फरक कळत नाही. समर्थकांकडे श्रद्धा होती, थोडीफार आतली माहिती होती. पण पुरावा म्हणावा असे फारसे काही नव्हते.

१६/
१९८९ च्या उन्हाळ्यात आशा पुन्हा जागी झाली. मायकल नाइटन नावाचा व्यावसायिक क्लब विकत घेण्यास पुढे आला. १९ ऑगस्टला आर्सेनलविरुद्धच्या पहिल्या सामन्याआधी त्याने संघाचा पोशाख घालून मैदानावर चेंडू उडवून दाखवला. युनायटेडने गतविजेत्या आर्सेनलला ४-१ ने हरवले. नील वेब, माइक फेलन, पॉल इन्स, डॅनी वॉलेस यांची खरेदी झाली. गॅरी पॅलिस्टरसाठी २३ लाख पौंड मोजले गेले. ब्रिटिश क्लबांमधल्या व्यवहारात बचावपटूसाठी ती तेव्हाची विक्रमी रक्कम होती.

१७/
आता पैसे नाहीत ही सबब संपली होती. आणि नेमक्या त्याच वेळी सारे कोसळले. वेब सप्टेंबरमध्ये इंग्लंडकडून खेळताना गंभीर जायबंदी झाला. २३ सप्टेंबरला, नुकत्याच वरच्या श्रेणीत परतलेल्या मँचेस्टर सिटीने युनायटेडला ५-१ असे धुऊन काढले. एकाच शहरातले दोन क्लब, म्हणजे सोमवारी कामावर गेल्यावर शेजारच्या टेबलावरचा माणूस सिटीचा! ही जखम आकड्यांपलीकडची होती. नाइटनचा व्यवहारही ऑक्टोबरमध्ये फिसकटला.

१८/
नोव्हेंबरच्या अखेरीपासून संघाला लीगमध्ये विजयच मिळेना. सलग ११ सामने. सहा पराभव झाले नसते तर गोष्ट वेगळी. पण आर्सेनल, पॅलेस, टॉटनहॅम, व्हिला, डर्बी, नॉर्विच अशी हरण्याची यादी वाढत गेली. व्हिलाने, म्हणजे मॅकग्राच्या नव्या संघाने, २६ डिसेंबरला ३-० ने हरवले. एकूण सहा पराभव, पाच अनिर्णित, विजय शून्य. तो डिसेंबर आपल्या कारकिर्दीतला सर्वांत काळा काळ होता, हे फर्ग्युसन यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

१९/
पहिल्या परिच्छेदातला सामना याच मालिकेतला. पॅलेसकडून घरच्या मैदानावर झालेला पराभव अधिक का झोंबला? कारण तीनच महिन्यांपूर्वी लिव्हरपूलने त्याच पॅलेसला ९-० असे चिरडले होते. ज्या संघाला प्रतिस्पर्धी नऊ गोल मारतो, त्याच्याकडून आपण हरतो! शिवाय सतरा वर्षांपूर्वी, अशाच डिसेंबरात, पॅलेसविरुद्धच्या पराभवानेच ओ'फॅरेल यांचा निकाल लावला होता. चादर फडकावणाऱ्या चाहत्याच्या पाठीशी क्लबचा स्वतःचाच पायंडा उभा होता.

२०/
मग आला ७ जानेवारी १९९०. एफए चषकाच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टशी, त्यांच्याच मैदानावर, लढत. कर्णधार ब्रायन रॉब्सनसह अनेक प्रमुख खेळाडू दुखापतींमुळे बाहेर. हरल्यास फर्ग्युसन गेले, असे वृत्तपत्रे उघड लिहीत होती. समोरच्या बाकावर बसलेला मॅनेजर होता ब्रायन क्लफ. योगायोग असा की अपुऱ्या वेळेत मॅनेजरचा निकाल लावण्याचे इंग्लंडमधले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे क्लफच.

२१/
क्लफ १९७४ च्या जुलैमध्ये गतविजेत्या लीड्सचे मॅनेजर झाले आणि ४४ दिवसांत त्यांना काढले गेले. लीगमधले सहा सामने, विजय एक. पुढे १९७५ मध्ये ते फॉरेस्टला गेले. तो संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत होता. पहिल्या हंगामात १६ वा, मग ८ वा, मग ३ रा. त्या तिसऱ्या क्रमांकाने संघ वर आला, १९७८ मध्ये लीग जिंकला आणि १९७९ व १९८० असे सलग दोन युरोपियन कपही. पण दुसरी बाजू अशी की क्लफना काढणाऱ्या लीड्सनेही १९७५ मध्ये युरोपियन कपच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली. त्या हंगामापुरता तरी हकालपट्टीचा निर्णय लीड्सला महागात पडला नाही.

२२/
फॉरेस्टविरुद्धच्या त्या सामन्यात ५६ व्या मिनिटाला मार्क ह्यूजने पायाच्या बाहेरच्या बाजूने वळणदार चेंडू गोलपुढे टाकला आणि वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्सने डोक्याने तो जाळ्यात घातला. युनायटेड १-० ने जिंकला. "फर्ग्युसनची नोकरी वाचवणारा गोल" म्हणून तो अजरामर झाला.

२३/
पण इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थबकावे. तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी नंतर वारंवार सांगितले आहे की तो सामना हरला असता तरी फर्ग्युसन यांना काढायचे नव्हते. संचालक मंडळावरील बॉबी चार्ल्टन हेही फर्ग्युसन यांच्या पाठीशी होते. अर्थात हे सारे यशानंतरचे बोलणे आहे, आणि यशानंतर धीर धरल्याचा दावा करणे सोपे असते. पराभव झाला असता, पाठोपाठ आणखी दोन झाले असते, तर मंडळाने काय केले असते हे खुद्द मंडळालाही सांगता आले नसते.

२४/
शिवाय त्या गोलने लगेच काही पालटले नाही. पुढच्याच दोन लीग सामन्यांत डर्बी आणि नॉर्विचकडून पराभव झाला. लीगमधला विजय उगवला तो १० फेब्रुवारीला, मिलवॉलविरुद्ध. हंगाम संपला तेव्हा युनायटेड १३ वा होता : ३८ सामने, १३ विजय, ९ अनिर्णित, १६ पराभव. फर्ग्युसन यांचा हा लीगमधला सर्वांत वाईट हंगाम. चादरीवरचा मजकूर लीगपुरता तरी मे महिन्यातही खोडता आला नसता.

२५/
वाचवले ते चषकाने. फॉरेस्ट, हिअरफर्ड, न्यूकासल, शेफील्ड युनायटेड, चारही लढती परक्या मैदानांवर आणि चारही केवळ एका गोलाच्या फरकाने जिंकलेल्या. उपांत्य फेरीत दुसऱ्या श्रेणीतल्या ओल्डमशी ३-३ अशी बरोबरी झाली. फेरलढतीत जादा वेळेत पुन्हा रॉबिन्सनेच निर्णायक गोल केला. या मालिकेत चेंडू कुठेही एखादा वीतभर इकडेतिकडे गेला असता, तर पुढचा सगळा इतिहास वेगळा लिहावा लागला असता.

२६/
अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी? क्रिस्टल पॅलेस! १२ मे १९९० रोजी वेम्बलीवर ३-३ अशी बरोबरी. १७ मेच्या फेरलढतीसाठी फर्ग्युसन यांनी गोलरक्षक जिम लेटनला वगळले. लेटन ॲबरडीनपासूनचा त्यांचा माणूस. त्याच्या जागी लेस सीली खेळला. ली मार्टिनच्या एकमेव गोलने युनायटेड जिंकला. हा निर्णय निष्ठुर होता, तो लेटनच्या जिव्हारी लागला. मॅनेजरला मिळालेल्या धीराची चर्चा होते. त्याच मॅनेजरने आपल्या जुन्या खेळाडूला तो किती दिला, हे क्वचितच विचारले जाते.

२७/
पुढचे सर्वश्रुत आहे. १९९१ मध्ये बार्सिलोनाला हरवून कप विनर्स कप, १९९३ मध्ये २६ वर्षांनी लीग विजेतेपद, आणि २०१३ पर्यंत युनायटेडसाठी एकूण ३८ करंडक. लक्षणीय बाब अशी की १९९३ च्या विजेत्या संघातले ब्रूस, पॅलिस्टर, इन्स, मॅक्लेअर आणि ह्यूज हे सारे डिसेंबर १९८९ मध्येही क्लबमध्येच होते. गिग्जही होता, सोळा वर्षांचा. पाया खरोखर भरला जात होता. फक्त त्यावर तेव्हा भिंत दिसत नव्हती.

२८/
तेव्हापासून फर्ग्युसन यांची गोष्ट हा एक युक्तिवाद बनला. कोणत्याही क्लबचा नवा मॅनेजर अडखळला की समर्थक म्हणतात : "फर्ग्युसनलाही वेळ लागला होता." एव्हर्टनचे हॉवर्ड केंडल हे दुसरे आवडते उदाहरण. १९८३-८४ च्या हंगामात त्यांना हटवण्याची मागणी करणारी पत्रके वाटली गेली. जानेवारी १९८४ मध्ये ऑक्सफर्डविरुद्ध ॲड्रियन हीथच्या उशिराच्या गोलने एव्हर्टन लीग कपमध्ये टिकला, आणि १९८४ चा एफए चषक व १९८५ ची लीग पाठोपाठ आली.

२९/
मग याच युक्तिवादाची परीक्षा युनायटेडमध्येच झाली. १२ मे २०१३ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवरच्या निरोपाच्या भाषणात फर्ग्युसन यांनी आठवण करून दिली की वाईट दिवसांत क्लब आपल्या पाठीशी उभा राहिला, आणि आता नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहणे हे चाहत्यांचे काम आहे. नवे मॅनेजर डेव्हिड मॉइस यांना सहा वर्षांचा करार मिळाला. मार्च २०१४ मध्ये मैदानावरून एक विमान त्यांना हटवण्याची मागणी करणारा फलक घेऊन उडाले. २२ एप्रिलला ते गेले.

३०/
दोघांचे लीगमधले आकडे शेजारी ठेवले तर काय दिसते?

फर्ग्युसन, १९८७ ते १९९० चे तीन पूर्ण हंगाम : ११६ सामने, ४९ विजय. म्हणजे सुमारे ४२ टक्के.
मॉइस, २०१३-१४ : ३४ सामने, १७ विजय. म्हणजे ५० टक्के.

काढून टाकलेल्या माणसाचा हिशेब राखलेल्या माणसापेक्षा सरस! पण एकाने २१ वा संघ हाती घेतला होता, दुसऱ्याने गतविजेता. टक्केवारी हे सांगत नाही. ती फक्त वादाला दारूगोळा पुरवते.

३१/
आणि धीराचे फळ नेहमी गोडच असते असेही नाही. फॉरेस्टने १९९२-९३ मध्ये क्लफ यांना शेवटपर्यंत ठेवले. दोन युरोपियन कप देणाऱ्या माणसाला कोण काढणार? संघ तळाशी, २२ वा आला आणि खाली घसरला. अठरा वर्षांच्या कारकिर्दीचा असा शेवट झाला. या गोष्टीचा दाखला "वेळ द्या" म्हणणारे देत नाहीत. ज्यांना वेळ मिळाला आणि तरी काही घडले नाही, त्यांची नावे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. म्हणूनच तो युक्तिवाद आहे त्यापेक्षा बळकट भासतो.

३२/
इतिहास वाचताना ही चूक पदोपदी घडते. शेवट माहीत असल्याने मधल्या माणसांचा मूर्खपणा आपल्याला स्पष्ट दिसू लागतो. पण १९८९ च्या डिसेंबरात १९९३ अस्तित्वात नव्हते. तेव्हा होता तो गुणतक्ता, विकलेले लाडके खेळाडू, वाया गेलेले वाटणारे लाखो पौंड आणि पूर्वी याहून चांगला हिशेब असलेल्यांना क्लबने दाखवलेला दरवाजा. एवढ्या पुराव्यावर बदलाची मागणी करणारा चाहता अविचारी नव्हता. त्याचे भाकीत चुकले, एवढेच.

३३/
तसेच फर्ग्युसन यांना ठेवणारे मंडळ द्रष्टे होते असेही म्हणता येत नाही. त्यांना चाहत्यांपेक्षा एक गोष्ट अधिक दिसत होती : सकाळी लवकर येणारा, युवा संघाचे सामने पाहणारा, क्लबचा कोपरा न् कोपरा बदलणारा माणूस. त्यावर त्यांनी विश्वास टाकला. तो फळला, त्यात त्या माणसाचे कष्ट होते आणि काही चेंडू योग्य बाजूला वळल्याचे नशीबही. दोहोंचे प्रमाण किती, हे कोणत्याही गुणतक्त्यातून काढता येणार नाही.

३४/
राहिला तो चादरवाला चाहता. त्याने युनायटेड सोडला नाही. पुढची सारी विजेतेपदे त्याने पाहिली, आणि अखेरीस आपल्या त्या फलकाचेच शब्द शीर्षकात घेऊन एक पुस्तक लिहिले. आपण चुकलो हे त्याने लपवले नाही. संघावर रागावण्याचा अधिकार त्याने त्या थंडीच्या दिवशी तिकीट काढून, मैदानात उभे राहून मिळवला होता. पुढच्या शनिवारीही तो जाणारच होता.